शंभराच्या खाली

३ ऑक्टोबर २०२४

फाइल घेतली. प्रवीण सरांनी दोनदा विचारलं, "दिव्यानी, नक्की जमेल ना? नाहीतर नागपुरातल्या कुणाकडून करून घेऊ." मी म्हटलं, जमेल. सर आमच्या दवाखान्याचे मोठे डॉक्टर, आणि मी इथली एकुलती एक आकडेवाली. दुसऱ्याने केलेलं मला पटलं नसतंच.

सिकलसेलच्या रुग्णांचा अभ्यास. तीन वर्षं रक्त गोळा केलं. आता कोण जगलं, कोण गेलं, आणि जाणार हे रक्तातून आधी कळलं असतं का, ते काढायचं. फाइलमध्ये नावं नाहीत, नुसते नंबर. पण प्रफुलचा नंबर मला पाठ आहे. मीच दिला होता ना!

माझा धाकटा भाऊ. माघात गेला. बावीस वर्षांचा होता. दाखल्यावर लिहिलं — हृदय बंद पडल्याने.

त्याची ओळ उघडायची नाही असं ठरवलंय. बाकी सगळं करीन.

५ ऑक्टोबर

नीट लिहून ठेवते, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील.

बीएनपी नावाचं एक द्रव्य. हृदयावर ताण आला की रक्तात वाढतं. सिकलसेलवाल्याच्या रक्तात ते वाढलेलं दिसलं तर पुढे धोका. आमचं मशीन जुनं, कुणीतरी दान दिलेलं. त्याला शंभराच्या खालचं दिसत नाही. खाली असलं की आकडा देतच नाही, "मर्यादेखाली" एवढंच छापून मोकळं होतं. दीडशेच्या वर गेलं की सर नागपूरला पाठवतात, हृदयाची तपासणी, औषध. आणि मर्यादेखाली असलं की — "हृदयाला काही नाही, आता वर्षाने या."

प्रफुल मर्यादेखाली होता. आईने त्या दिवशी गावात साखर वाटली होती.

माझ्या आधी ही फाइल ज्याच्याकडे होती त्याने सगळ्या मर्यादेखालच्यांना सरसकट पन्नास लावून ठेवलेत. शंभराचे निम्मे! आळशी मेला. अरे, खरा आकडा पाच असेल, नव्व्याण्णवही असेल. दिसत नाही म्हणून पन्नास धरायचे? सर म्हणाले, "सगळेच तसं करतात गं." करत असतील. मी सगळे पन्नास पुसले. जे माहीत नाही ते माहीत नाही असंच ठेवूनही गणित करता येतं. जरा डोकेफोड होते इतकंच.

९ ऑक्टोबर

आईचा फोन. जेवलीस का? जेवले. तू? जेवली. दोघीही खोटं बोललो.

१४ ऑक्टोबर

आज आलेख काढला.

जगण्याचा आलेख जिन्यासारखा दिसतो. सगळे जिवंत असतात तोवर रेषा वर, सपाट. एक माणूस गेला की एक पायरी खाली. जे गाव सोडून गेले, ज्यांचा फोन लागत नाही, त्यांच्यासाठी रेषेवर नुसती एक बारीक उभी खूण — इथपर्यंत जिवंत होते, पुढचं ठाऊक नाही. याला सेन्सॉर म्हणतात. सिनेमाशी काही संबंध नाही. शिकत असताना मला या खुणेचं फार कौतुक वाटायचं. पुढचं आम्हाला माहीत नाही, असं गणितात कुणी इतक्या सरळपणे कबूल करत नाही.

तीन रेषा काढल्या. बीएनपी जास्त असलेल्यांची लाल, ती खाली जाणार हे अपेक्षितच. मधल्यांची निळी. मर्यादेखालच्यांची हिरवी. हिरवी सगळ्यात वर राहायला हवी, जवळजवळ सपाट. राहिली नाही! भराभर पायऱ्या उतरत निळीच्याही खाली गेली. म्हणजे ज्यांना आम्ही "काही नाही" म्हणून घरी पाठवलं, ते जास्त मेले.

त्यातली एक पायरी प्रफुलची. रक्त दिल्यानंतरच्या अकराव्या महिन्यातली. ओळ उघडली नाही तरी पायरी दिसतेच. इतकीशी, नखाएवढी.

रडले. तोंड धुऊन आले, प्रोग्राम परत चालवला. तेच आलं.

१७ ऑक्टोबर

सगळं तपासलं. माझी चूक नाही. सर म्हणतात, माणसं थोडी आहेत, योगायोग असेल. योगायोग! माणसं गेली की आपण देवाची इच्छा म्हणतो, आलेख चुकला की योगायोग म्हणतो. मला दोन्हीचा संताप येतो.

२२ ऑक्टोबर

कळलं.

डोमाभाऊ आज मुलीला घेऊन आले. धानोऱ्याच्याही पुढे, आत जंगलात गाव आहे त्यांचं. पावसात रस्ता बंद, म्हणून जुलैची तपासणी आत्ता. मुलगी मंगली, सतरा वर्षांची. चार पायऱ्या चढून आली आणि खांबाला धरून उभी राहिली, ओठ पांढरे. मी एका नोंदीसाठी रक्ताच्या खोलीत गेले होते. रंजीता सुई लावत होती. ती आमची रक्त तपासणारी, मशीनवालीही तीच.

डोमाभाऊ हात जोडून म्हणत होते, "बाई, नोका घेऊ एवढं. पयलेच पोरीच्या आंगात खून नाई. तुमी आनखी काढून राह्यले."

रंजीताने अर्धी ट्यूब घेतली आणि सुई काढली. ते दोघं बाहेर गेल्यावर तिने रक्त फिरवून वरचं पाणी वेगळं केलं, आणि त्यात सलाईन घालून खुणेपर्यंत आणलं. अगदी रोजच्या सवयीने. वरणात पाणी वाढवावं तसं.

"हे काय घातलंस?"

"सलाईन. एवढ्याशा मालावर मशीन चालतच नाई न ताई. लाल दिवा लावून बसते."

"मग आकडा निम्मा येईल ना!"

रंजीताला राग आला. "मंग मी दुप्पट करून लिवते न. मले काय एवढं बी समजत नाई का?"

खरंच करते. तीन वर्षं, न चुकता, दुप्पट.

तेवढ्यात मशीनने कागद बाहेर टाकला. मर्यादेखाली.

"आता याची दुप्पट काय करशील?" मी विचारलं.

ती कागदाकडे बघत राहिली. मग खाली बसली.

निम्मं पाणी घातलेलं रक्त "शंभराच्या खाली" आलं, तर खरा आकडा दोनशेच्या खाली कुठेही असू शकतो. आणि नागपूरला पाठवायची रेषा दीडशेवर. कोणाचं अर्धं रक्त घेतलं तिने? ज्यांना बघून हात धजला नाही त्यांचं. ज्यांच्या अंगात रक्त दिसतच नव्हतं, ज्यांची आई रडली, बाप हात जोडून उभा राहिला. म्हणजे सगळ्यांत अशक्त माणसं. तीच सगळी माझ्या हिरव्या रेषेत येऊन बसली.

एवढं ध्यानात येईपर्यंत शिपाई कागद सरांकडे घेऊन गेला होता. मी धावत बाहेर आले. डोमाभाऊंना सरांनी सांगूनही टाकलं होतं, हृदयाला काही नाही, पुढच्या वर्षी या. गाडी निघून गेली होती.

रंजीता रडत रडत एकेक आठवत होती. आठवता आठवता म्हणाली, "तुमच्या आईनं त माहे पाय धरले होते, ताई."

२३ ऑक्टोबर

प्रफुलचं रक्त घेतलं त्या दिवशी मी वरच्या खोलीत होते. आई खाली प्रफुलबरोबर होती.

ती पाय धरणारच. रक्त ही तिची आयुष्यभराची काळजी. बीट, पालक, लोखंडी तव्यावरची भाकर. कुठेही सुई टोचली की पदराच्या गाठीतून गूळ-शेंगदाणे काढून त्याच्या तोंडात कोंबायची, तो मिशी फुटलेला पोरगा झाला तरी. थेंब थेंब करून वाढवलेलं रक्त कुणी ट्यूबभर मागितलं तर ती काय करणार होती?

आईला हे कधी कळू द्यायचं नाही.

२५ ऑक्टोबर

सरांना सांगितलं. रंजीताला एक शब्द वाईट बोलले नाहीत, हे लिहून ठेवायला हवं. म्हणाले, "मशीनला अर्धी ट्यूब चालत नाही हे मला माहीत होतं. मग लोक एवढे हात जोडतात तरी ट्यूब भरते कशी, हे मी विचारायला हवं होतं."

ठरलं ते असं. पूर्ण ट्यूब मिळाली की रंजीता पहिल्यापासूनच त्यातल्या दोन छोट्या कुप्या जादा भरून गोठवून ठेवत आली आहे. अर्ध्यावाल्यांची कुपी नाही, उरणार कुठून? म्हणजे मर्यादेखालच्यांपैकी ज्यांची कुपी आहे त्यांची नागपूरच्या नव्या मशीनवर तपासायची, त्याला पाचापर्यंतचं दिसतं. ज्यांची नाही आणि जे जिवंत आहेत, त्यांना परत बोलावून पूर्ण ट्यूब घ्यायची. पहिली मंगली.

कुप्यांचा डबा रंजीता भरेल. मी शीतपेटीकडे जाणार नाही. प्रफुलची कुपी नसणार, ते माहीतच आहे. ती रिकामी जागा बघून काय करू?

१ नोव्हेंबर

घरी. दिवाळी आहे, पण वर्ष व्हायचंय म्हणून दारात दिवा नाही. धान कापणीला आलंय. वाघ फिरतोय म्हणून बाबा चारच्या आत धानाच्या बांधीतून परत येतात, मग भिंतीला टेकून बसतात. बोलत नाहीत. पूर्वीही फार बोलायचे नाहीत, पण तेव्हा ते गप्प वाटायचे नाहीत.

प्रफुलचं सामान तसंच. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन झाला होता, गावभराचे मिक्सर दुरुस्त करायचा. एक अजून कोपऱ्यात उघडा पडलाय. कुणाचा, ते कुणी सांगत नाही, न्यायलाही येत नाही.

धावता यायचं नाही म्हणून गावच्या क्रिकेटमध्ये अंपायर. एप्रिलमध्येसुद्धा स्वेटर. आणि भारी खोटारडा! दुखणं उठलं की दवाखान्यात विचारतात, शून्य ते दहामध्ये किती दुखतं? तो कायम सांगायचा, दोन. दातांनी उशी फाडली होती एकदा, तरी दोन. कारण आई शेजारी उभी असायची.

दुपारी रंजीताचा फोन. अंगणात उभी राहून बोलले. डोमाभाऊ नाही म्हणतात. मी म्हटलं, "परत जंगलात निरोप पाठव, मंगलीच्या बापाला समजाव, अर्धं रक्त घेतलं म्हणूनच आकडा खोटा आला. दिसायला हवं होतं ते दिसलं नाही. या वेळी पूर्ण ट्यूब लागेल."

आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. ऐकलं नसावं.

८ नोव्हेंबर

बाकीचे एकेक करून येत आहेत. तिघांचा आकडा दीडशेच्या वर निघाला. तिघं नागपूरला गेले. मंगली नाही.

आज मी आणि रंजीता तिच्या गावी गेलो. जीप नाल्यापर्यंत, पुढे पायी. डोमाभाऊंनी खाट टाकली, पाणी दिलं, आणि शांतपणे नाही म्हणाले.

"तुमीच सांगतलं का पोरगी बरी हाय. आता तुमीच म्हनता का खोटं होतं. तवा थोडं घेतलं, आता जास्त पायजे. उद्या आनखी मांगान."

बरोबरच आहे त्यांचं. मी समजावत बसले — मशीन, मर्यादा, पाणी, दुप्पट. माझं मलाच ऐकवेना. रंजीता म्हणाली, "भाऊ, चूक माही हाय." ते म्हणाले, "तुही चूक कशी? तू त दया केली."

मंगली दारात बसून मोहाच्या टोळ्या, म्हणजे मोहाच्या बिया, सोलत होती. एक वाक्य बोलायला तिला मध्ये थांबावं लागत होतं. आम्ही निघालो तेव्हा हसली.

परत येताना रिकामी ट्यूब रंजीताच्या पिशवीत तशीच होती.

११ नोव्हेंबर

हिरवी रेषा अजून एक पायरी उतरेल का, एवढंच डोक्यात. ती पायरी कोणाची असेल हे मला आधी माहीत आहे. असं याआधी कधी झालं नव्हतं.

१४ नोव्हेंबर

आईचा फोन. "ते पोरगी हाय न, जंगलातली. तिच्या बापाकडे मी येते."

मी म्हटलं, कोण पोरगी?

"मले येड्यात काढू नोको. रविवारी येते."

१७ नोव्हेंबर

आई आली. माघापासून घराबाहेर पडली नव्हती. सकाळच्या बसने एकटी आली, इस्त्रीचं लुगडं नेसून, पदराला गाठ. नाल्यातून चालताना माझा हात धरला नाही.

डोमाभाऊंनी खाट टाकली. ती खाटेवर बसली नाही, खाली शेणाच्या अंगणात बसली, त्यांच्यासमोर.

"भाऊ, मी हिची माय. अना ज्याचं हेच दुखणं होतं त्या पोराची बी माय."

डोमाभाऊंनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

"मी बी हेच म्हटलं होतं. नोका घेऊ, पोराच्या आंगात खून नाई. ह्या बाईचे पाय धरले." रंजीताकडे बोट. "तिनं माह्याकडे पाहून अर्धंच घेतलं. मशीनीले दिसलंच नाई काई. मले सांगतलं, चांगला हाय. मी साखर वाटली, भाऊ. घरोघरी जाऊन वाटली."

मला उठून जावंसं वाटलं.

"वाचवलेलं खून संगं घेऊन गेला. माह्या काय कामाचं झालं ते? तू वाचवू नोको. घेऊ दे. माहं ऐक."

एक कोंबडी अंगणातून गेली. मग मंगली दारातून उठली, खांबाला धरत आली, आईच्या शेजारी बसली आणि रंजीतापुढे हात केला. डोमाभाऊ दुसरीकडे बघत राहिले. पण नाही म्हणाले नाहीत.

पूर्ण ट्यूब. रंजीताने शेवटच्या खुणेपर्यंत भरली.

आईने पदराची गाठ सोडली. गूळ-शेंगदाणे. मंगलीच्या तोंडात घातले, स्वतःच्या हाताने, आणि तिची हनुवटी पुसली. घरूनच बांधून आणले होते! म्हणजे ती पोरगी रक्त देणार हे तिने घरीच ठरवलं होतं.

जीपमध्ये मी विचारलं, तुला कोणी सांगितलं?

"तूच त सांगून राह्यली होती फोनवर. मी तांदूळ निवडत होती. भयरी नाई झाली अजून."

ती रडली नाही. मी रडले. तिने माझी पाठ थोपटली, आणि मला लाज वाटली.

१९ नोव्हेंबर

मंगली — १८८. आज नागपूरला गेली. सर स्वतः गाडीत बसवून आले. तिथले डॉक्टर रात्री फोनवर म्हणाले, आणखी दोन-तीन महिने गेले असते तर अवघड होतं.

आईला फोन केला. "बरं झालं," म्हणाली, आणि ठेवला.

१० डिसेंबर

मंगली घरी परतली. औषध लागू पडलंय, दर दोन शब्दांनी थांबावं लागत नाही. डोमाभाऊंनी रंजीताकडे चारोळीची पुडी पाठवली. एक माझ्यासाठी, एक "त्या मायसाठी".

मला आनंद झाला, खरंच. पण प्रफुलचा विचार आल्याशिवाय एकही आनंद येत नाही. त्याची खरी ट्यूब कुणी पाहिली असती तर? कितीवर होता तो? एकशे साठ? एकशे नव्वद? औषध मिळालं असतं, आज कुणाचा तरी मिक्सर उघडून बसला असता. हे "असता" मला तापासारखं चढतं. माझं सगळं शिक्षण या "असता"चं आहे आणि तेच आता मला खातं.

२२ डिसेंबर

बाबा आले, अचानक. खांद्यावर नव्या तांदळाचं पोतं. मी भात टाकला. जेवणाआधीच बोलले, म्हणजे तेवढंच बोलायला आले होते.

"तुही माय सगळ्याईले सांगत फिरते. बाजारात, हापशीवर, पाव्हण्यात. म्या मारलं म्हणते. पोराले म्याच मारलं. गूळ खात नाई, सकरातीचे लाडू करत नाई म्हणते."

मी भात उतरवला.

"दिव्या, तुहं गणित बरोबर हाय का?"

"हो बाबा."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी मान हलवली. "खोटं निघत असन त पाह्य जरा," म्हणाले. मग जेवले.

आयुष्यात कधी माझ्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता त्यांनी. विचारला तो हा.

२३ डिसेंबर

पुन्हा सगळं पाहिलं. खोटं निघत नाही.

६ जानेवारी २०२५

कडाक्याची थंडी. याच थंडीत त्याचे सांधे धरायचे. दवाखान्यात सिकलसेलची पोरं ब्लँकेटमध्ये मुटकुळी करून पडलीत. एकाला विचारलं, किती दुखतं? म्हणाला, आठ. शाबास, मनात म्हटलं. आठच म्हणत जा.

१५ जानेवारी

काल संक्रांत. घरी लाडू झाले नाहीत. बाबांनी दुकानातून तीळपापडी आणली, ती तशीच पडली म्हणे.

आईशी बोलले. आवाज सपाट. मी म्हटलं, आई, तू मंगलीला वाचवलंस. म्हणाली, "ते तिच्या मायचं नशीब." मी निदान आलेखाशी भांडू तरी शकते. ती कोणाशी भांडणार? स्वतःशीच भांडते, आणि रोज हरते.

२१ जानेवारी

नागपूरहून कुप्यांचे आकडे आले.

सगळे खरोखरच कमी. बारा, सत्तावन्न, एकतीस. आता हिरव्या रेषेत जे खरे हिरवे तेच उरतील. मी भराभर भरत खाली गेले आणि थांबले. त्याचा नंबर.

प्रफुलचा. ३८.

वाटलं नंबर चुकला. धावत रंजीताकडे गेले. कुपी कुठून आली? तिने शीतपेटीतून उरलेली दुसरी कुपी काढली, लेबलावरचा बर्फ पुसून वाचलं, आणि तिथेच उभी राहिली. तिचं तिलाच आठवत गेलं.

"ताई, मी कशी विसरली! पाय धरलेले तेवढे ध्यानात राह्यले. अर्धी घेतली मी, तुमची आई पाह्यत होती. मंग प्रफुलनं तिले पाणी आणाले धाडलं. ते दाराबाहेर गेली अना हा म्हणते, सुई हायच न आत, आता पूर्ण भरा. मी म्हटलं, आई? त म्हणते, आईले सांगू नोका. ते जेवणार नाई."

पूर्ण ट्यूब. थेंबभरही पाणी नाही. मशीनने त्याच्याबद्दल खरं तेच सांगितलं होतं.

खोटारडा! माझा खोटारडा भाऊ.

२२ जानेवारी

सकाळच्या पहिल्या बसने घरी आले. आईला समोर बसवून सगळं सांगितलं. तुझ्यामुळे काही झालं नाही. तू अडवलंस, पण त्याने दिलं, पूर्ण दिलं. त्याचं हृदय तेव्हा चांगलं होतं. साखर वाटलीस ती खोटी नव्हती.

"आईले सांगू नोका" ऐकून ती हसली. वर्षभरात पहिल्यांदा. बाबा उठून बाहेर गेले.

मग ती माझ्याकडे वळली. म्हणाली, "मंग तो कायनं गेला वं?"